हसण्याचा नवस

ता. खैरलांजी, जि. बालाघाट
१० सप्टेंबर २०२४

मंजे,

तू म्हणशील बाईनं पत्र काहून धाडलं, फोन काय झाला. फोन विहिरीत गेला. हा दुसरा. तू मले पौर्णिमाच्या शाळेचं सांगून राह्यली होती आन् मधातच आवाज बंद झाला, आठव. मोहितनं मागून येऊन हातातला ओढला आन् सरळ विहिरीत. जो माणूस घरात दिसत नाही त्याच्याशी मी बोलते, हे त्याले चालत नाही. आधी हा कान दाबते, मग डोकं भिंतीवर आपटते, मग फोनच्या मागं लागते. आमचे हे आपला फोन वावरात ठेवते, घरी आणला तर बंद करून. म्हणून आता पोस्ट. माझ्या अक्षराले हसू नको. चवथीनंतर मी सही सोडून काही लिहिलं नाही.

मोहितचं काय सांगू. तेवीस वर्षांचा घोडा झाला, दाढी येते, अजून 'आई' म्हणत नाही. बालाघाटच्या त्या कागदावर ऑटिझम लिहून दिलं, तो कागद पेटीत आहे. कागदानं काही बोलता येत नाही.

नवीन भानगड पाण्याची. गल्लीत घरोघरी नळ आला. चांगलं झालं, आमची डोक्यावरची कळशी उतरली. पण नळ आला आन् ओट्यावरची हापशी बिघडली, आता तिले कोणी हात लावत नाही. हा पोट्टा लहानपणापासून स्वतः दांडा मारून वंजळीनं पाणी पिणारा. नळाचं दिलं की तोंडात घेते आन् थुंकते. दिवसभर त्या बंद हापशीचा दांडा वरखाली करते. कोरडा आवाज ऐकून माझं डोकं उठते. मी एक चापट दिली. तू असती तर तू पण दिली असती.

पोळ्याले एक गंमत झाली. महागूच्या बैलानं मोहितच्या पायावर पाय दिला. अंगठ्याचं नख निघून आलं, रगताचं थारोळं. आन् हा हसून राह्यला! खि खि खि. सगळा पोळा पाहत राह्यला. महागू म्हणे, "प्रेमलालभाऊ, तुमचा पोट्टा दगडाचा आहे, याले दुखतच नाही." मी म्हटलं बरं आहे. देवानं बोलणं नाही दिलं, तं दुखणं तरी नाही दिलं.

जवाईबुवाले सांग, बाईनं विचारलं म्हणून. ते विचारत नाही हे मले माहीत आहे.

पुष्पा


नागपूर
२३ सप्टेंबर २०२४

बाई,

तुझं पत्र पाहून आधी घाबरले. पत्र म्हटलं की आता कोणी गेल्याचंच वाटतं. मग वाचलं आणि बैलाच्या जागी हसू आलं. लहानपणी त्याला इंजेक्शन दिलं तेव्हाही तो रडला नव्हता, आपली आई म्हणायची या लेकराच्या अंगात कापूस आहे.

पाण्याचं मात्र हसण्यासारखं नाही. नळाचं पाणी रात्रभर माठात ठेव, त्याच्या लोट्यात दे. चापट मारू नको. नाही तर महागूकडून हापशी दुरुस्त करून घे, तो तर मिस्त्री आहे.

इकडे सगळे ठीक. राजेंद्र तुझी आठवण काढतात.

मंजू


१८ ऑक्टोबर २०२४

मंजे,

आठवण काढतात म्हणे. खोटं लिहायचं तं नीट लिहावं.

पण आज भांडत नाही. आज चांगलं लिहायचं आहे. मोहित हसायले लागला!

खरं सांगून राह्यली. तुले माहीत आहे, या पोरानं कधी माणसाकडं पाहून तोंड हलवलं नाही. बाया म्हणत, याचं तोंड उसनं आणलं का वो पुष्पा. सात-आठ वर्षांचा होता तवा मी गावदेवी मातामायले नवस बोलली होती, चार माणसांत माझं लेकरू हसलं तं तुझ्या ओट्यावर गावाले स्वयंपाक घालीन. मग मी पण विसरली, मातामाय पण विसरली असं वाटलं.

आता दसऱ्यापासून रोज हसते. एकदम हसते. भिंतीले पाठ लावून उकिडवा बसते, डाव्या बरगडीखाली दोन्ही हात दाबते आन् हसते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चूप. मग पुन्हा. शेजारची गीता आली, म्हणे, "बाई, तुमचा मोहित सुधरला हो! पहा कसा पोट धरून हसून राह्यला." तिनं आपल्या सासूले बोलावलं, सासूनं आणखी दोघींले. सगळ्या ओसरीत बसून त्याच्यासोबत हसल्या.

आन् हे. तुले खोटं वाटंल. हे वावरातून आले, पाय धुतले आन् त्याच्या बाजूले तसेच उकिडवे बसले. तो हसला की हे हसते. बापलेक दोघं भिंतीले पाठ लावून. मी चुलीपासून पाहिलं. लगन झाल्यापासून यांले असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

जेवण जरा कमी झालं. गीता म्हणते हसूनच पोट भरते त्याचं. पाण्याचं तसंच आहे, भाताची पेज घोटभर घेते. महागूले हापशीचं म्हटलं, तो म्हणते नळ असताना कायले. मी पण म्हटलं जाऊ दे, आता पोट्टा खुश आहे ना.

तं ठरलं. दिवाळीनंतर गावची मंडई आहे, जत्रेले सगळे येते, त्याच दिवशी नवस फेडतो. वरण, भात, वांग्याची भाजी, वडे आन् बुंदी. तुम्ही तिघं या. पौर्णिमाले दंडारीचं सोंग-नाटक दाखव, नागपुरात काय दिसते तिले. जवाईबुवाले सांग, मोहित आता काही फेकत नाही. हसते फक्त.

पुष्पा


१२ नोव्हेंबर २०२४

मंजे,

नाही आली. पौर्णिमाची परीक्षा म्हणे. गीताच्या भावाकडून निरोप धाडला, मले लिहायचं पण झालं नाही तुझ्यानं. दिवाळीत कोणत्या शाळेत परीक्षा असते?

तुझ्या वाटचा वडा मी कुत्र्याले घातला.

नवस फिटला. अख्खं गाव जेवलं. मातामायच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत पंगत बसली. मोहितले नवीन सदरा, कपाळाले शेंदूर. हे हात जोडून सगळ्यांले म्हणत होते, "जेवा, पोरगं हसलं आमचं." जेवणारे म्हणत, "हसव ना वो एकदा!" जसा काही तो खेळण्यातला आहे. पण तो हसला. पंगतीत बसूनच हसला. बायांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारून मंडईत नेलं. दंडार सुरू झाली. राजा मरते त्या जागी सगळे चूप होते आन् माझा पोट्टा मोठ्यानं हसला. झालं. एकाचं पाहून दुसरा, दुसऱ्याचं पाहून तिसरा, राजाचं सोंग घेतलेला महागू मेलेला पडल्या पडल्याच हसायले लागला. असं हसणं त्या मंडईत कधी झालं नसंल.

मग तो ओकला. सगळ्या सदऱ्यावर. त्यानं तं काही खाल्लं नव्हतं, नुसतं पिवळं पाणी. घरी आणलं तं घरात आला नाही, बंद हापशीच्या सिमेंटवर डावी कूस लावून निजला. अंग तापलं होतं. लघवीले नेलं तं लाल. मी घाबरली. गीता म्हणे, "बुंदीत लाल रंग टाकला होता ना आचाऱ्यानं, तोच आहे." खरं आहे, आचाऱ्यानं लय रंग टाकला होता. गर्दीत दृष्ट पण लागली असंल. मीठमिरची उतरवली.

आता निजला आहे. झोपेत पण हसते मधातून. स्वप्न पाहत असंल.

पुष्पा


नागपूर
२० नोव्हेंबर २०२४

बाई,

परीक्षा नव्हती. ते मागून लिहीन. आधी हे वाच आणि रागावू नको. भाऊजींचा फोन लावला, बंद आहे.

तुझी तिन्ही पत्रं मी समोर ठेवून बसले आहे. बैलानं नख काढलं तेव्हा तो हसला होता. तूच लिहिलंस. खि खि खि. आणि आता बरगडीखाली हात दाबून हसतो, डोळ्यांतून पाणी येतं, ओकतो, ताप आहे.

मोहितनं बुंदी खाल्ली होती का? तूच लिहिलं आहेस की त्यानं काही खाल्लं नव्हतं. मग लघवी लाल कशी?

बाई, मला वाटतं तो हसत नाही. त्याला दुखतं तेव्हा तोंडातून हेच येतं. त्याला दवाखान्यात ने. आजच ने.

मंजू


३० नोव्हेंबर २०२४

मंजे,

तू नागपुरात बसून माझ्या लेकराचं हसू पण काढून घे. बाकी काय ठेवलं आहे आमच्यापाशी.

तुझं पत्र वाचून मी दोन घास जेवली नाही. मग यांले म्हटलं, चला. महागूच्या जीपगाडीत घालून बालाघाटले नेलं, एका मोठ्या खाजगी डॉक्टरकडं. आत न्यायलेच किती वेळ गेला, तिथला पंखा आवाज करत होता, हा दारातच बसला. चौघांनी उचलून टेबलावर ठेवला. मी डॉक्टरले सांगितलं, इथं हात दाबते, ओकते, ताप येते. त्यानं माझ्या हातातला ऑटिझमचा कागद घेतला. कागदच पाहिला, पोट्ट्याकडं नाही. म्हणे, "अच्छा, ये केस है." मग बरगडीखाली दाबलं. मोहित खदखदून हसला. डॉक्टर पण हसला.

"गुदगुली हो रही है इसको. दर्द वाला आदमी हँसता है क्या, अम्मा?"

मी म्हटलं, माझी बहीण म्हणते. तो म्हणे, "बहन डॉक्टर है?"

आता बोल. आहे का तू डॉक्टर?

तो म्हणे या बीमारीत असं होते, हसणं, ओकणं, पाणी न पिणं. झोपेची गोळी दिली. गोळीनं मोहित दिवसभर निजते. हापशीचा दांडा मारत नाही, डोकं आपटत नाही, हसणं पण कमी झालं. घर चूप आहे. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारी आडवी झाली.

नवस मातामायनं ऐकला म्हणून फेडला. तो खोटा आहे का? गावानं जेवलेलं खोटं आहे? हे त्याच्या बाजूले बसून हसले ते खोटं? असं लिहू नको मले पुन्हा.

पुष्पा


नागपूर
७ डिसेंबर २०२४

बाई,

मी डॉक्टर नाही. मी मावशी आहे.

मंडईला का आले नाही ते ऐक. राजेंद्र म्हणाले, एकदा गेलो की तुझी बहीण त्याला इकडे आणायचं काढेल, दोन खोल्यांत तो मावणार नाही. मी गप्प बसले. आता गप्प बसत नाही. मी त्यांना सांगितलं आहे, मोहित येणार.  आज सकाळी त्यांनी स्वतःच पौर्णिमाचा पलंग बाहेरच्या खोलीत ओढला.

ती गोळी थांबवायची की नाही मला कळत नाही, पण तो निजला म्हणजे बरा झाला असं समजू नको. त्याचं तोंड सुजलं का बघ. लघवी किती होते बघ. भाऊजींना वावरात फोन केला तर ते म्हणाले, पुष्पा ऐकत नाही.

या पत्राचं उत्तर लिहू नको. गोंदियाला येऊन गाडीत बस.

मंजू


२७ जानेवारी २०२५

मंजे,

तुझ्या घरून येऊन आठ-दहा दिवस झाले. मी पोचल्याचं लिहिलं नाही. लिहिणारच नव्हती. पण आज लिहायलेच पाहिजे.

हे आज चुलीपाशी येऊन बसले. विडी पेटवली नाही, तशीच हातात धरली. म्हणाले, "पुष्पा, खडा नाही काढला फक्त. डावी किडनीच काढली. त्यात पू झाला होता. एकच राह्यली आहे."

मी गावभर सांगत फिरली, खडा काढला, सुपारीएवढा होता, आता बरा आहे. गीताले सांगितलं. महागूले सांगितलं. बाया टाके पाहायले आल्या तं मी सदरा वर करून दाखवला. आन् तुम्हा तिघांले माहीत होतं. तू, हे आन् जवाईबुवा. कागदावर सही कोणी केली? मी आई आहे ना?

मले सगळं आठवते. तुझं पत्र आलं त्याच सकाळी तो उठलाच नाही. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, अंग भट्टी. गोंदियाच्या स्टेशनवर लोक पाहत होते, मी पदरानं त्याचं तोंड झाकलं. नागपूरच्या त्या दवाखान्यात मशीनमध्ये घालताना तो हसला, तवा मी ओरडली, "हसून नाही राह्यला, त्याले दुखून राह्यलं!" तिथली नर्स माझ्याकडं पाहत राह्यली. तं मले समजलं होतं ना तोवर? मग मलेच काहून लपवलं?

जवाईबुवा रोज डबा घेऊन येत. मी म्हटलं माणूस बदलला. आता समजलं, माझ्या डोळ्यात पाहत नव्हते ते काहून.

मी त्याच्या दुखण्याचा स्वयंपाक घातला, मंजे. वरण, भात, वडे, बुंदी. तो पंगतीत बसून विव्हळत होता आन् बायांनी टाळ्या वाजवल्या. आन् मी वाढत फिरली, अजून घ्या, अजून घ्या.

पुष्पा


नागपूर
५ फेब्रुवारी २०२५

बाई,

तू मला शिव्या दे, मी घेते.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा तू मोहितचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. तुझा हात त्याच्या कानावर होता, वॉर्डातला आवाज त्याला लागू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, आत्ता सही हवी, उशीर झाला तर पोरगा राहणार नाही. भाऊजींनी सही केली. कागद राजेंद्रनी धरला. नंतर भाऊजीच म्हणाले, तिला इतक्यात सांगू नका, ती स्वतःला खाईल. आम्ही ऐकलं. चूक की बरोबर, मला अजून कळत नाही.

राजेंद्र तुझ्या डोळ्यांत पाहत नव्हते त्याचं कारण दुसरं आहे. त्यांच्या मनात आहे की मंडईला आलो असतो तर एक महिना आधी कळलं असतं.  

एक गोष्ट तुला सांगितली नाही. तू अंघोळीला गेली होतीस, तेव्हा नर्स टाके पुसायला आली. मोहित हसायला लागला. शेजारच्या खाटेवरचे लोक कौतुकानं त्याच्याबरोबर हसले. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की चौकीदार आला. लोकांना काय कळणार. हसणाऱ्याबरोबर माणूस हसतोच. भाऊजी हसले, त्यात त्यांचा काय गुन्हा.

आता मुद्द्याचं. एक किडनी नीट आहे. तिला पाणी पाहिजे, रोज, भरपूर. पाणी कमी पडलं तर तिच्यातही खडे होतील, आणि मग काढायला दुसरी नाही. कसंही करून त्याला पाज.

मंजू


२४ फेब्रुवारी २०२५

मंजे,

पाज म्हणते. ये आन् पाजून दाखव.

नळाचं थुंकते. माठातलं थुंकते. साखर टाकली, थुंकली. तुझ्याकडच्या दवाखान्यात सलाईननं भागलं, इथं काय त्याले नळी लावू? मी लोटा घेऊन मागं आन् तो पुढं, असा दिवस जाते. हे त्याले समोरून धरते आन् मी घोट घोट घालते. अर्धं सांडते. वैऱ्यागत पाणी पाजते मी माझ्या पोराले.

महागूच्या घरी गेली. म्हटलं, हापशी दुरुस्त कर. तो म्हणे पाइप गंजले असंल, सगळे वर काढा लागते, चार माणसं पाहिजे. मी म्हटलं, "माझ्या नवसाचं जेवायले चारशे आले होते, आता चार नाही भेटत?" तो म्हणे, "बाई, मी तं मेल्याचं सोंग घेऊन हसलो होतो." आन् मग म्हणे, करतो.

येताना मातामायच्या ओट्यावर थांबली. नारळ नेला नाही, काही बोलली नाही तिले गोड. म्हटलं, तुझं हसू वापस घे. याच्या तोंडून पुन्हा हसू काढू नको. दुसरं काही मागत नाही.

आता तो हसला की मी हातातलं टाकून धावते. खोकला तरी धावते. गीता विचारते, "मोहित आता हसत नाही का वो?" मी म्हटलं, तोंड सांभाळ.

पुष्पा


१९ मे २०२५

मंजे,

लिहीन लिहीन म्हणता उन्हाळा अर्धा गेला. बसून लिहायची हिंमत होत नव्हती.

हापशी चालू झाली. महागू, हे आन् गल्लीतले दोघं, दोन दिवस लागून पाइप वर काढले, नवीन टाकले. गल्ली जमली होती. आधी लाल गढूळ पाणी आलं, मग सफा आलं, थंडगार. महागूनं मोहितले हाक मारली, "ये राजा, तुझी हापशी." तो आला. दांडा स्वतः धरला, तीन-चारदा मारला, वंजळ खाली धरली.

आन् हसला.

मी मागं उभी होती. मले पाणी दिसलं नाही, मंजे. मले फक्त हसणं ऐकू आलं. कळशी फेकून धावली. म्हटलं, "धरा त्याले, गाडी काढा!" तो दांडा सोडत नव्हता. मी त्याची बोटं एक एक करून सोडवली. माझी नखं लागली त्याले. वंजळीतलं पाणी सांडलं, पिलं नाही त्यानं. महागूच्या गाडीत कोंबला. वाटभर काचेवर डोकं आपटलं त्यानं. बालाघाटले दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं, ही डॉक्टर बाई आहे, कागद बाजूले ठेवून पोट्ट्याले पाहते. चौघांनी धरून मशीन लावली. लघवी तपासली. रगत काढलं. सगळं पाहून ती म्हणे, "कुछ नहीं है, अम्मा. किडनी अच्छी है. इसको कोई दर्द नहीं है."

मी म्हटलं, "हसला ना तो!"

ती म्हणे, "तो हँसने दीजिए ना."

 येताना गाडीत, वारासिवनीच्या पुढं आल्यावर हे हळूच म्हणाले, "पुष्पा, तो पाणी पाहून हसला." मी म्हटलं, "तुमले काय समजते? तुम्ही त्या वेळी पण सोबत हसले होते."  तवापासून हे चूपच आहे. बोलायले नको होतं, बोलली.

आता हापशी धो धो चालते. नळाले पाणी नसलं की सगळी गल्ली तिथं. मोहित जात नाही. तिकडून नेलं तं तोंड फिरवते, पाय रोवून उभा राहते. मी लोट्यात त्याच हापशीचं आणून देते, ते पिते. चांगलं पिते, भरपूर. डॉक्टरीण म्हणे, असंच चालू द्या. अंग भरलं त्याचं, जेवते. सगळं बरं आहे.

हसत नाही. शिवरात्रीच्या आधी मागितलं होतं ते मातामायनं दिलं. या वेळी लवकर ऐकलं तिनं.

एक काम आहे तुझ्याकडं. पौर्णिमाले सुट्ट्या लागल्या असंल, जवाईबुवाले पण घेऊन ये. मोहित तुझं ऐकते, दवाखान्यात तुझ्या हातानं जेवला होता. एका सकाळी तू त्याले हापशीवर ने. घाई करू नको, हात ओढू नको. त्याचा तो दांडा धरू दे. मी घरात राहीन, दार लावून घेईन आन् चुलीत फुंकर घालत बसीन.

हसला तं हसू दे त्याले.

मले सांगू नको.

पुष्पा